पिठीत मीठ कमी

"अहो, जरा बोलायचं थांबा. श्वाससुद्धा हळू घ्या."

"कशाक?"

"थांबा म्हणते ना!"

ह्यांनी कुंचला वाटीवर टेकवला आणि माझ्याकडे बघत राहिले. मी चहाचा पेला फळीवर ठेवला, त्यांच्या पाटाजवळ उकिडवी बसले आणि कान पुढे केला. दुपारची वेळ. शाळेत आमच्या दोघांशिवाय कुणी नव्हतं. गुरुनाथ भावजी म्हणजे माझे धाकटे दीर आणि दोघं कामगार जेवायला गेले होते. शाळा म्हणजे पोरांची नव्हे. कोकणात गणपतीच्या मूर्ती जिथं घडतात त्या जागेला गणपतीची शाळा म्हणतात. भिंतीकडेनं फळ्यांवर शंभरावर गणपती रंगून बसले होते, आणि निम्म्याहून जास्त मूर्तींचे डोळे अजून कोरे होते.

मला हवा होता तो आवाज येत नव्हता.

अगदीच येत नव्हता असं नाही. पण रोजचा खणखणीत नव्हता. ओल्या फडक्यात घड्याळ गुंडाळून ठेवावं तसा, दबका.

नऊ वर्षांपूर्वी मुंबईला ह्यांच्या हृदयाची झडप बदलली होती. धातूची बसवली. ती उघडझाप करताना टिक टिक वाजायची आणि शांत जागेत हातभरावरून ऐकू यायची. गावातले लोक चेष्टा करायचे, मेस्त्रींनी घड्याळ गिळलंय म्हणून. पहिले सहा महिने मला त्या आवाजानं झोप लागली नाही आणि पुढं त्याच्याशिवाय लागेना. त्यामुळं तो बिघडला तर तो डॉक्टरच्या आधी मला कळणार, यात नवल ते काय!

"दम लागतोय?"

"जरासो."

"कधीपासून?"

"काल शिडी चढताना लागलो. आता बसानवय लागता."

"आणि बायकोला सांगायचं सुचलं नाही?"

"काल अष्टमी. तू कामात होतस." एवढं एक वाक्य बोलून ते थांबले आणि पुन्हा श्वास ओढला. ओठ बघितले तर निळसर. मला वाटलं रंग लागलाय. मी पदरानं पुसले. रंग नव्हता.

मी अशी ओरडले म्हणता, की गुरुनाथ भावजी उष्ट्या हातानं धावत आले.

"टेम्पो काढा. आत्ताच्या आत्ता."

"खंय जावचा?" हे म्हणाले. "साठ गणपती रवलेत. डोळे कोण काढतलो? माझो बापूस?"

आमच्या शाळेत माती कुणीही मळेल, रंग कुणीही देईल, पण डोळे फक्त दिगंबर मेस्त्रींनी काढायचे, अशी चाळीस वर्षांची रीत. चतुर्थी दहा दिवसांवर होती. तरी मी त्यांच्या हातातली वाटी काढून घेतली.

तालुक्याच्या डॉक्टर परुळेकरांनी छातीला नळी लावली आणि त्यांचा चेहराच उतरला. "गोव्याला न्या. मोठ्या हॉस्पिटलात. अँब्युलन्स दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलीय, तिची वाट बघू नका. मी फोन करून ठेवतो." मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "गोळ्या नीट घेत होते ना, वहिनी?"

टेम्पोत गणपतींसाठी आणलेलं गवत होतं, त्याच्यावर गाद्या टाकून मी ह्यांना माझ्या अंगाला टेकवून बसवलं. दोन तासांचा रस्ता. इंजिनाच्या आवाजात मला छातीतलं काही ऐकू येईना. मी तळवा त्यांच्या छातीवर दाबून धरला होता आणि मनात परुळेकरांचा प्रश्न घोळत होता. गोळ्या नीट घेत होते ना?

त्या प्रश्नापायी पंधरा दिवसांपूर्वी आमच्या घरात महाभारत झालं होतं.

धातूच्या झडपेवर रक्त गोठू नये म्हणून ह्यांना रोज एक गोळी असायची, रक्त पातळ ठेवायची. फार पातळ झालं तरी धोका, घट्ट झालं तरी धोका. म्हणून दर महिन्याला रक्त तपासायचं. नऊ वर्षं आकडा एका जागी होता, आणि श्रावणाच्या दुसऱ्या आठवड्यात तपासलं तर एकदम खाली. परुळेकर म्हणाले, "मेस्त्री, रक्त घट्ट झालंय. गोळ्या चुकवताय."

"एकय चुकवूक नाय," हे म्हणाले.

शाळेत आल्यावर मी कामगारांसमोर तोंड सोडलं. मी मूळची आजऱ्याची, घाटावरची. आमच्याकडं जिभेला हाड नसतं. "खोटं कशाला बोलता? कामाच्या नादात जेवायचं विसरता, ते गोळीचं काय लक्षात ठेवणार! मरायचं असेल तर चतुर्थी झाल्यावर मरा!" असं म्हणाले मी. होय, हेच शब्द. हे खाली मान घालून सोंडेवरनं कुंचला फिरवत राहिले. परुळेकरांनी गोळी दीडपट केली, आणि त्या दिवसापासून पाकीट माझ्या ताब्यात. रोज संध्याकाळी मी स्वतः गोळी त्यांच्या जिभेवर ठेवायची, पाणी पाजायची आणि कॅलेंडरवर फुली मारायची.

एवढं करूनही माणूस दिवसेंदिवस ओढल्यासारखा दिसायला लागला. शाळा चालू असली की आमच्याकडं मासळी बंद. सकाळी सहाला बसलेला माणूस रात्री उठणार, आणि खाणार काय, तर भात आणि कुळथाची पिठी, म्हणजे पातळ पिठलं. पालेभाजी ह्यांनी जन्मात खाल्ली नाही. ताटात पाला दिसला की गोगलगाय दिसल्यासारखे बाजूला सारायचे. मग मी माझा उपाय केला.

त्या वर्षी आमच्या बचत गटानं शेगलाच्या पाल्याची पावडर काढली होती. शेगल म्हणजे शेवगा. सावलीत पाला वाळवायचा, दळायचा, पुड्या भरायच्या. शिकवायला आलेल्या बाईंनी सांगितलं होतं, चमचाभर पावडर म्हणजे ताकदीचा खजिना. प्रत्येक पुडीवर छापलेलं होतं, 'शक्तिवर्धक शेगल', आणि खाली गटाची अध्यक्ष म्हणून माझं नाव. छापलेलं नाव मी पहिल्यांदाच बघत होते. आपल्या नावाची चीज आपल्याच नवऱ्याला लागू पडू नये? श्रावण लागल्यापासून मी रोज दोन चमचे पिठीत ढवळत होते. कुळथाच्या पिठीचा रंग मातकट, त्यात हिरवं काय दिसणार! आणि तपासणीनंतर ते आणखी थकलेले दिसले, तसे मी दोनाचे चार केले.

ह्यांना पत्ता लागला नाही, अशी माझी समजूत. ताटात पडेल ते मुकाट खाणारा माणूस. बावीस वर्षांत आमटी खारट, भाकरी करपकी, काही झालं तरी हूं की चूं नाही. शेजारणी म्हणायच्या, नशीब काढलंस, मालन.

हॉस्पिटलात ह्यांना तोंडाला मास्क लावून पलंगावर अर्धवट बसवलं. आडवं केलं की जीव घाबरा व्हायचा. मशीनवर तपासून डॉक्टर सरदेसाई बाहेर आल्या. पन्नाशीच्या, चष्मा केसांत खोचलेला, बोलणं तोडकं.

"झडपेला दोन पाती असतात. एक हलत नाहीये. रक्ताची गुठळी बसलीय. दुसरं पातं अडकलं, तर आपल्याकडं मिनिटं उरतील. गोळ्या किती दिवस चुकल्या?"

"चुकल्या असणारच," गुरुनाथ भावजी म्हणाले. "दादा कामात असला की त्याला जगाची शुद्ध नसते. मागच्या तपासणीलासुद्धा तेच निघालं."

ह्यांनी मास्क बाजूला केला. "चुकवूक... नाय."

"दादा, आता तरी खरा बोल!"

"भावजी, गप बसा," मी म्हटलं. "बाई, गेले पंधरा दिवस मी स्वतःच्या हातानं गोळी दिलीय. दीडपट. एकही चुकली नाही. कॅलेंडरवर फुल्या आहेत."

डॉक्टरबाईंचं पेन थांबलं. "वाढवलेली गोळी, एकही चुकली नाही, आणि रक्त आज आणखी घट्ट. मग दुसरं काहीतरी पोटात जातंय. पालेभाजी जास्त खाता?"

ह्यांनी मान हलवली. "अष्टमीक... चमचोभर."

"काल गोकुळाष्टमी होती ना, त्या दिवशी आमच्याकडं शेगलाची भाजी करतात, रिवाज म्हणून एक घास खातात," भावजींनी समजावलं. "एरवी पाल्याला शिवत नाही तो."

"घासभर भाजीनं हे होत नाही. रोजचं विचारतेय. काढा, चूर्ण, पावडर? कुणी दिलेलं टॉनिक?"

ह्यांनी माझ्याकडं पाहिलं, आणि नजर काढून घेतली. नंतर त्या नजरेचा अर्थ कळला. तेव्हा मी माझ्याच भोवऱ्यात होते.

कारण पावडर हा शब्द ऐकला आणि माझ्या डोळ्यांपुढं पुडी आली. मुंबईच्या डॉक्टरांनी नऊ वर्षांपूर्वी बजावलं होतं, पालेभाजी एकदम वाढवू नका, एकदम सोडू नका. ऐकलं होतं मी. पण पाला न खाणाऱ्या माणसाला त्याचं काय, म्हणून ते आमच्या घरात कुणी लक्षात ठेवलं नाही. आणि पुडीतली पावडर म्हणजे भाजीच, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही. पुडीवर छापील नाव होतं, ताकदीचा खजिना होता. ती भाजी कशी असेल!

खोटं कशाला सांगू, तेव्हा मी गप्प बसले. भावजी समोर उभे. ज्या नवऱ्याला मी चार जणांत खोटारडा ठरवलं, तो खरा निघाला होता, आणि त्याच्या छातीत खुट्टी मारणारी मीच होते. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, ही म्हण आमच्या शाळेत दिवसातून चारदा व्हायची, आणि आज ती माझ्यावर उलटली होती. मनात आलं, बोलायचं कशाला? उद्यापासून पावडर बंद. पुड्या खाडीत फेकून देईन. कुणाला कळणार आहे?

"काही नाही म्हणता?" डॉक्टरबाईंनी कागद पुढं ओढला. "ठीक आहे. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देते. त्यातून निभावले तर घरी जाताना गोळी आणखी वाढवून देऊ. दुप्पट लागेल."

त्या लिहायला लागल्या.

"बाई," मी म्हटलं. "समजा काहीतरी जात होतं. आणि ते उद्यापासून बंद झालं. आणि गोळी दुप्पट चालू राहिली. तर?"

त्यांनी वर पाहिलं. "तर रक्त पाण्यासारखं होईल. आठवड्या-दोन आठवड्यांत कधीतरी हिरड्यांतून येईल, नाकातून येईल. डोक्यात फुटलं तर माणूस बोलता बोलता जाईल. का विचारताय?"

"शेगलाच्या पाल्याची पावडर," मी म्हटलं. "श्रावण लागल्यापासून रोज. आधी दोन चमचे. नंतर चार. पिठीत. ह्यांना न सांगता. मी घातली, बाई. ताकद यावी म्हणून मी घातली."

"वैनी!" गुरुनाथ भावजी एवढंच म्हणाले. दुसरं काही म्हणाले असते तर बरं झालं असतं.

मला वाटलं, आता बाई फाडून खातील. त्यांनी फक्त आधी लिहिलेलं खोडलं. "चमचा चहाचा की जेवणाचा?"

"जेवणाचा. शिगोशीग."

"गोळी रक्त पातळ करते, पाला ते घट्ट करतो. तुम्ही दोघं एकाच दोरीला दोन बाजूंनी ओढत होतात. परुळेकरांनी गोळी वाढवली, तुम्ही पाला वाढवला." खोडलेल्या जागी त्यांनी नवीन आकडा लिहिला. "बरं झालं आत्ता बोललात. घरी गेल्यावर बोलला असतात, तर ऐकायला कोण असलं असतं, सांगता येत नाही. इथं सही करा. या इंजेक्शनानं गुठळी विरघळते, कधी कधी तुकडा सुटून मेंदूकडंही जातो. दुसरा उपाय म्हणजे छाती पुन्हा उघडणं, आणि तेवढी ताकद मला त्यांच्यात दिसत नाही."

मी सही केली. पुडीवर छापलेलं तेच नाव, आता माझ्या हातचं.

ते इंजेक्शन नळीतून थेंब थेंब जाणार होतं. दर थोड्या वेळानं नर्स येऊन ह्यांना म्हणायची, "दोन्ही हात उचला. हसून दाखवा. नाव सांगा." मी बाकावर बसून ते तीन हुकूम ऐकायची आणि उत्तर येईपर्यंत श्वास धरून ठेवायची. "दिगंबर शिवराम मेस्त्री," ते म्हणायचे. एकदा "दिगंबर" म्हणून थांबले. मी उठून उभी राहिले. खोकला आला होता, एवढंच. मग "शिवराम मेस्त्री" म्हणाले आणि मी बाकाची कड धरून परत बसले. देवाला काय बोलले ते सांगत नाही. नवस नव्हता तो, भांडण होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर नर्सनं मला आत सोडलं. ओठांचा निळा रंग गेला होता. त्यांनी डोळे उघडले नव्हते. मी वाकले, आणि कान लावायच्या आधीच ऐकू आलं.

टिक. टिक. टिक.

मी तिथंच खाली बसून हमसून हमसून रडले. ह्यांचा हात डोक्यावर आला.

"माका पयल्याच दिसाक कळलेला," ते म्हणाले.

"काय?"

"पिठयेत शेगल आसा ता. कडवट लागायची. मी काय शेगलाचो वास वळखणय नाय?"

मी डोळे पुसायचे विसरले. "मग बोलला का नाहीत? परुळेकरांना तरी सांगायचं! बाईंनी विचारलं तेव्हा तरी! तोंड शिवलं होतं का?"

"पाल्यान असा होता, ता माका खंय ठावक? माका वाटला, तुझ्या मनान घातलंस, तर खाऊया. बाईन इचारल्यान तेव्हा कळला, पण सगळ्यांम्होरं तुझा नाव कसा घेव?"

"कडू लागत होतं तर एकदा म्हणायचं, मालन, हे काय घातलंस!"

त्यांनी नजर छताकडं वळवली. "लग्न होवन आठ दिवस झालेले. तू पयल्यांदा पिठी केलंस, गोळे झालेले. आवशीन ताट सरकवल्यान, म्हणाली, घाटावरच्यांका पिठी कशी येतली. तू चुलीम्होरं बसान रडलंस. तेव्हाच ठरवलंय, हिच्या हातच्या जेवणाक नाव म्हणान ठेवूचा नाय."

बावीस वर्षं! सासूबाई जाऊन बारा वर्षं झाली होती. ते ताट मी कधीच विसरले होते आणि ह्या माणसानं ते छातीशी धरून ठेवलं होतं. मला त्यांची दया आली, माझी आली आणि रागही असा आला की सांगता सोय नाही.

"ऐका," मी म्हटलं. "आजपासून ताटातलं काही आवडलं नाही, वेगळं लागलं, कडू लागलं आणि तुम्ही बोलला नाहीत, तर मी आजऱ्याला निघून जाईन. देवाशपथ सांगते."

ते हसले. डॉक्टरबाईंनी घरी सोडताना नेमकं तेच सांगितलं, वेगळ्या शब्दांत. खाण्यात काही वाढलं, काही सुटलं, कुणी पुडी दिली, काढा दिला, की आधी विचारा. गोळी नऊ वर्षं होती तेवढीच ठेवली आणि आठवड्यानं रक्त तपासायला सांगितलं. पुढं चतुर्थी झाल्यावर गटातल्या बायकांसमोर मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. दुसऱ्या खेपेच्या पुडीवर सूचना छापली, रक्त पातळ करायची गोळी घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नये म्हणून. नाव माझंच ठेवलं.

आम्ही घरी आलो ते हरतालिकेला. चतुर्थी दुसऱ्या दिवशी. गुरुनाथ भावजींनी सगळी शाळा आवरून ठेवली होती, फक्त साठ जोडी डोळे कोरे ठेवले होते. ह्यांना खुर्चीत बसवून एकेक मूर्ती समोर आणली. हात कापला नाही. लोक दारात पाट घेऊन ताटकळत होते, पण कुणी घाई केली नाही.

दुपारी मी पान वाढलं. भात, पिठी, पापड. माझा निर्जळी उपास, त्यामुळं चव बघितलेली नव्हती. पिठीत फक्त कुळीथ, कोकम, लसूण, मिरची. मी समोर बसले. त्यांनी पहिला घास घेतला आणि थांबले. माझ्याकडं पाहिलं. दुसरा घास घेतला. पुन्हा थांबले. कपाळावर घाम आला त्यांच्या. मला इतकं स्वच्छ ऐकू येत होतं ते टिक टिक, की मी मोजत होते.

"मालन," ते म्हणाले, अगदी हळू, चोरी कबूल करावी तसे. "पिठयेक मीठ कमी आसा गो."

मी मिठाची बरणी आणायला उठले, आणि आत जाऊन पदरात तोंड खुपसून पोटभर रडून घेतलं.